वजन बेताचे, मद्य वर्ज्य, तरीही फॅटी लिव्हर: आतड्यातील जिवाणूंची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न: पर्वतीपायथा

नमस्कार. माझे वय ४१, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण २२.५ येतो. हिंजवडीत नोकरी करतो, जेवण शाकाहारी आहे आणि मद्य आयुष्यात कधी घेतलेले नाही. कार्यालयातर्फे होणाऱ्या वार्षिक तपासणीत या वेळी सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला. बाकीचे आकडे असे: एसजीपीटी ६२ आणि एसजीओटी ३८ (ही यकृताची विकरे), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) २१२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८, प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. तपासणी केंद्रातील डॉक्टरांनी अहवाल चाळून ‘वजन कमी करा’ एवढेच सांगितले. घरात मला लहानपणापासून काडीपैलवान म्हणतात, त्यामुळे या सल्ल्यावर हसावे की काळजी करावी हेच कळेना.

त्यानंतर थोडे वाचन केले. काही माणसांच्या आतड्यातील जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करतात आणि त्यामुळे न पिणाऱ्या, सडपातळ माणसाच्याही यकृतात चरबी साठते, असे वाचनात आले. त्याच सुमारास एका कंपनीची जाहिरात दिसली. घरी डबी पाठवून शौचाचा नमुना घ्यायचा, त्यातील जिवाणूंचा अहवाल द्यायचा आणि त्या अहवालाला अनुसरून तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणूंच्या, कॅप्सूल पाठवायच्या, अशी ती योजना असून सगळा खर्च पंधरा हजारांच्या घरात जातो. जिवाणूंच्या या म्हणण्यात तथ्य किती, आणि माझ्यासारख्याने ही तपासणी करून घेण्यात काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आपल्या अहवालातील आकड्यांवर बोलणार नाही. जिवाणूंविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण या विषयात खरे संशोधन आणि बाजारातले दावे यांची सरमिसळ फार झालेली आहे.

आपण जे वाचले त्याचे मूळ बहुधा २०१९ साली ‘सेल मेटाबोलिझम’ या नियतकालिकात आलेल्या बीजिंगच्या संशोधनात आहे. तेथील डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता. मद्याचा थेंबही न घेता केवळ पिष्टमय आणि गोड जेवणानंतर त्याच्या रक्तातील अल्कोहोल झिंगलेल्या माणसाइतके वाढत असे, आणि त्याच्या यकृताला चरबीसोबत सूजही होती. असा प्रकार बहुतेक वेळा आतड्यातील यीस्टमुळे होतो, परंतु यीस्टविरोधी औषधांनी या रुग्णात फरक पडला नाही. अधिक शोध घेतल्यावर क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूचे, साखरेपासून भरपूर अल्कोहोल बनवणारे वाण (एकाच जातीतील उपप्रकार) त्याच्या शौचात सापडले. मग संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या ४३ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ६० टक्के रुग्णांत असे वाण आढळले. निरोगी गटात हे प्रमाण बरेच कमी होते. हे जिवाणू उंदरांना दिल्यावर उंदरांच्या यकृतात चरबी साठली. रुग्णाचे आतड्यातील जिवाणू उंदरांना देण्यापूर्वी त्यांतून नेमके हेच वाण जिवाणुभक्षक विषाणूंच्या साहाय्याने काढून टाकले, तेव्हा मात्र उंदीर त्या आजारातून वाचले. केवळ ‘रुग्णांत हा जिवाणू जास्त दिसतो’ एवढे सांगून न थांबता कार्यकारणापर्यंत जाण्याचा प्रयत्न या संशोधनात आहे, म्हणून मी त्याला मान देतो. तरीही ४३ ही संख्या लहान आहे आणि ते सर्व एकाच देशातील रुग्ण होते.

आतड्यातील अल्कोहोल यकृताला कसे भोवते, याचा एक धागा २०२२ साली नेदरलँड्समधून मिळाला. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे थेट आतड्यांकडून येते. तेथील संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी या शिरेतील रक्त तपासले, तेव्हा हातातून घेतलेल्या रक्तात जे अल्कोहोल नगण्य दिसते ते या रक्तात पुष्कळ अधिक असल्याचे आढळले, आणि यकृताचा आजार जितका पुढे गेलेला तितके ते जास्त होते. यकृत आपल्या वाट्याला आलेले अल्कोहोल वाटेतच जाळून टाकते, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत त्याचा मागमूस लागत नाही. मात्र हे सारे रुग्ण स्थूलतेची शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी आलेले होते, त्यामुळे हा निष्कर्ष सडपातळ माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

सडपातळ रुग्णांविषयी मला सर्वांत बोलके वाटते ते २०२० सालचे दक्षिण कोरियातील काम. त्यात यकृताचा तुकडा तपासून निदान पक्के केलेले सुमारे पावणेदोनशे रुग्ण होते. ज्यांचा बीएमआय २५ च्या आत होता त्यांच्यात फायब्रोसिस, म्हणजे यकृतात घट्ट तंतू तयार होण्याची क्रिया, जसजशी वाढत होती तसतसे व्हेलोनेलेसी कुळातील जिवाणू वाढत आणि रुमिनोकॉकेसी कुळातील जिवाणू घटत होते. स्थूल रुग्णांत असा स्पष्ट क्रम दिसला नाही. लठ्ठपणाचा गोंगाट नसतो तेथे जिवाणूंचा आवाज जास्त ऐकू येतो, असा अर्थ त्यातून काढता येईल. त्याच वर्षी सिडनीच्या गटाने असे दाखवले की आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात सडपातळ रुग्णांच्या रक्तात जिवाणूंनी रूपांतरित केलेली पित्ताम्ले आणि त्यांच्यामुळे स्रवणारे एफजीएफ१९ हे संप्रेरक अधिक असते. चरबीचा भार सोसूनही ही माणसे बारीक कशी राहतात, याचे हे एक संभाव्य उत्तर आहे. आजार पुढे सरकला की ही जुळवणूक मोडते.

यंत्रणा याखेरीजही आहेत. आतड्याचे अस्तर सैल झाले की काही जिवाणूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइड हा घटक पोर्टल व्हेनमार्गे यकृतात पोचतो आणि तेथील कुप्फर नावाच्या संरक्षक पेशींना चेतवून सूज निर्माण करतो. काही जिवाणू अन्नातील कोलीन हा पोषक घटक स्वतःच वापरून टाकतात, आणि कोलीन कमी पडले की यकृताला चरबी बाहेर पाठवणे अवघड जाते.

आता आपला मूळ प्रश्न. घरपोच मिळणाऱ्या बहुतेक तपासण्या १६एस नावाच्या एका जनुकावरून जिवाणू ओळखतात, आणि ही पद्धत प्रजातीपर्यंत (जीनस) किंवा फार तर जातीपर्यंत (स्पीशीज) पोचते, वाणापर्यंत नाही. अल्कोहोल भरपूर बनवणे हा गुण क्लेब्सिएलाच्या सगळ्याच वाणांत नसतो, काहींतच असतो. वाड्यात जोशी राहतात एवढे कळले, पण त्यांच्यातले गाणारे कोण आणि भांडणारे कोण हे कळले नाही, अशी ती माहिती आहे. अहवालात ‘क्लेब्सिएला ०.४ टक्के’ असे छापून आले तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसेल. शिवाय शौचाचा नमुना मोठ्या आतड्याच्या शेवटाची स्थिती सांगतो, लहान आतड्याची नाही, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळतीलच असे नाही. आपल्याकडील माणसांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जिवाणू पाश्चात्त्यांच्या तुलनेने पुष्कळ आढळतो, असे आपल्याच पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांसह अनेकांनी दाखवलेले आहे. तेव्हा परदेशी माणसांवर बेतलेल्या ‘आदर्श’ आलेखाशी आपला आलेख ताडून ‘असंतुलन’ ठरवणे मला तरी पटत नाही. पंधरा हजार रुपये वाचवावेत.

प्रतिसाद: नळस्टॉप

मी फिजिशियन म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. येथे लिहिलेले प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे गृहीत धरून वाचावे.

सूक्ष्मदर्शक यांच्याशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते जिवाणूंच्या आधी पाहण्यासारखे बरेच काही आपल्या अहवालातच आहे. आपण स्वतःला सडपातळ म्हणता ते वजनकाट्याच्या भरवशावर. कमरेचा घेर आपण दिलेला नाही आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पँटचा नंबर येथे चालत नाही, कारण पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, शिंप्याच्या टेपने मोजावे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

या बाबतीत पुण्याचे योगदान मोठे आहे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात तर असे दिसले की हे अंतर जन्मापासूनच असते. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंत कमी पडत होती, पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही घडण असल्यामुळे आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि २२.५ हा आकडा काही फार सुरक्षित अंतरावर नाही. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ना वजनदार होते ना त्यांचे पोट सुटलेले होते. तेव्हा आपण काही अपवादात्मक माणूस नाही.

आपली ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली आणि एचबीए१सी ५.७ च्या पुढे आहे. चयापचयाच्या बिघाडाच्या या तीन खुणा पुरेशा बोलक्या आहेत. २०२३ पासून या आजाराच्या नावातच चयापचयाचा उल्लेख आला आहे आणि यांपैकी एक खूण असली तरी निदानाला पुरते, वजन कितीही असो.

यकृत घट्ट होऊ लागले आहे का, हा खरा प्रश्न. त्याचा पहिला अंदाज फिब-४ या सूत्राने घरीच घेता येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. आपले ४१ गुणिले ३८ म्हणजे १५५८. खाली २४० गुणिले ७.८७, म्हणजे साधारण १८९०, भागाकार ०.८२. हा आकडा १.३ च्या खाली असला की गंभीर फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी असते. ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही एकदा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा आणि चरबी बाहेरूनच मोजणारी तपासणी, करून घ्यावा असे मी सुचवीन, कारण सोनोग्राफीला २० टक्क्यांहून कमी चरबी नीट दिसत नाही आणि ‘ग्रेड १’ हा शेरा बराचसा तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो.

वजन बेताचे असताना इतर कारणे वगळणे अधिक गरजेचे ठरते. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, गव्हाच्या ग्लूटेनने होणारा सीलिअॅक विकार, तरुण रुग्णांत विल्सनचा आजार (शरीरात तांबे साठण्याचा), तसेच स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, अॅमिओडॅरोन किंवा व्हॅलप्रोएट यांसारखी औषधे. वडिलांकडे किंवा आईकडे यकृताचा आजार अथवा मधुमेह असल्यास तेही सांगावे. पीएनपीएलए३ या जनुकातील एका बदलाचा सडपातळ माणसांतील फॅटी लिव्हरशी असलेला संबंध चांगला सिद्ध झालेला आहे. आणि काढे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले होते. आपण असे काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ असे म्हणून रुग्ण नेमकी हीच गोष्ट सांगायची टाळतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद: मगरपट्टा_मॉर्निंग

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु प्रोबायोटिकला सरसकट मोडीत काढू नये असे वाटते. मला हेच निदान झाले होते. प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू केल्या, त्याबरोबर संध्याकाळचे वडापाव, बाकरवडी आणि कोल्ड्रिंक बंद केले, रोज चालू लागलो आणि एसजीपीटी पूर्ववत झाले. औषध निरुपयोगी असते तर हा फरक कसा पडला असता?

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शक

आपली तब्येत सुधारली याचा आनंद आहे. पण चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर श्रेय कॅप्सूललाच का द्यावे? हा गुंता सोडवण्यासाठीच तुलनात्मक चाचण्या करतात. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे १०४ रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २०२० साली तिचा निकाल आला. निम्म्या रुग्णांना बायफिडोबॅक्टेरियमचे एक वाण आणि त्याला पोसणारा तंतुमय घटक सुमारे वर्षभर दिला, उरलेल्यांना तसेच दिसणारे परंतु निष्क्रिय औषध दिले. शौचातील जिवाणू बदलले. यकृतातील चरबी बदलली नाही. निरोगी दात्याचे जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे जे छोटे प्रयोग झाले, त्यांतही चरबीवर भरवशाचा परिणाम दिसलेला नाही.

या उलट एक निकाल मला उत्साहवर्धक वाटतो. चीनमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या लोकांना चार महिने रोज ४० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येणारे पिष्ट, मक्यापासून काढून दिले. त्यांच्या यकृतातील चरबी तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे उतरली आणि बॅक्टेरॉइड्स स्टरकोरिस हा जिवाणू घटला. बाहेरून जिवाणू आणून सोडण्यापेक्षा आत आहेत त्यांना काय खायला घालतो, याला अधिक महत्त्व असावे, असे माझे मत त्यावरून बनले आहे.

येथे कोणी प्रतिजैविकांचा विषय काढण्याआधीच लिहितो: ‘वाईट’ जिवाणू मारण्यासाठी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. क्लेब्सिएला हा त्या औषधांना दाद न देण्याबद्दल रुग्णालयांत आधीच कुप्रसिद्ध आहे, आणि अशा औषधाने इतर जिवाणू मेले तर मोकळी जागा बहुधा त्यालाच मिळेल.

प्रतिसाद: शेवग्याची_शेंग

मी आहारतज्ज्ञ आहे. चाळीस ग्रॅम शुद्ध रेझिस्टंट स्टार्च आपल्या रोजच्या ताटातून मिळणे कठीण आहे, हे आधी स्पष्ट करते. शिळ्या भाताने ते काम होते असे समाजमाध्यमांवर फिरते, पण शिजवून गार केलेल्या भातात त्याचे प्रमाण किंचितच वाढते. कच्च्या केळ्याची भाजी, हरभरा, राजमा, चवळी, मटकी यांतून ते अधिक मिळते, सोबत इतर तंतुमय घटकही मिळतात.

पुण्यातील शाकाहारी, निर्व्यसनी आणि बैठे काम करणाऱ्या माणसाच्या ताटात मला नेहमी एकच चित्र दिसते. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर थोडा भात, चार वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर बिस्किटे किंवा खारी, आणि रात्री पुन्हा पोळी किंवा खिचडी. यात तेलकट असे फारसे काही नसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. परंतु पिष्ट आणि साखर यांचा मारा दिवसभर चालू असतो, आणि प्रथिने नावापुरती असतात. यकृत जास्तीच्या साखरेपासून स्वतःच चरबी बनवते. बाहेरचे तूप त्याला लागत नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि उन्हाळ्यातला उसाचा रस किंवा आमरस हे तर आरोग्यदायी समजूनच घेतले जातात. फळ चावून खावे, रस पिऊ नये.

मी सहसा ताटातला क्रम आणि प्रमाण बदलायला सांगते. पोह्यांत मूठभर मोडाची मटकी किंवा शेंगदाणे, दुपारी एक पोळी कमी आणि उसळ दुप्पट, आठवड्यातून काही वेळा ज्वारीची भाकरी, जेवणासोबत कोशिंबीर आणि ताक. चहा पूर्ण बिनसाखरेचा जमत नसेल तर निम्म्या साखरेवर यावे. कॉफी चालणाऱ्यांनी बिनसाखरेची कॉफी अवश्य घ्यावी, कारण नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा फायब्रोसिस कमी आढळतो असे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे.

प्रतिसाद: पर्वतीपायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे टेपने मोजले, घेर ९२ सेंटिमीटर भरला. वडिलांना मधुमेह आहे. गुळवेल घेत नाही. ‘शुद्धीकरणा’साठी म्हणून घरात आणलेली हळदीच्या अर्काची एक गोळी मात्र काही काळ घेत आहे. दोन शंका उरतात. वजन आधीच ६५ असताना आणखी कमी करणे योग्य ठरेल का? आणि ताक, दही, इडली यांना प्रोबायोटिक समजायचे का?

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शक

इडलीचे पीठ आंबवणारे जिवाणू वाफेवर मरतात, त्यामुळे तिला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही. ताजे दही-ताक हे चांगले अन्न आहे, म्हणून खावे. यकृतावरील उपचार म्हणून त्याची जाहिरात करण्याइतका पुरावा नाही.

प्रतिसाद: नळस्टॉप

हळदीच्या अर्काची गोळी आजच थांबवावी. भाजी-आमटीतली हळद वेगळी आणि शोषण वाढवण्यासाठी मिऱ्याचा अर्क मिसळलेली दाट मात्रेची गोळी वेगळी. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गोळी सोडल्यावर काही आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करावे, म्हणजे त्या ६२ मध्ये तिचा वाटा किती होता तेही समजेल.

वजनाबद्दल: हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थूल नसलेल्या रुग्णांपैकी निम्म्या जणांचे फॅटी लिव्हर अवघे ३ ते ५ टक्के वजन उतरवल्यावर नाहीसे झाले, स्थूल रुग्णांना त्याच फळासाठी ७ ते १० टक्के उतरवावे लागले. आपल्या बाबतीत ३ ते ५ टक्के म्हणजे दोन ते सव्वातीन किलो. ते उपाशी राहून उतरवू नयेत, कारण त्यात स्नायू जातात, आणि स्नायूच तर आपल्याकडे कमी आहेत. भरभर चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलण्याचा किंवा दंडबैठकांचा व्यायाम ठेवावा. काट्यावरचा आकडा जागचा हलला नाही आणि घेर ९० च्या खाली आला, तरी मी त्याला प्रगतीच म्हणेन. वडिलांना मधुमेह असल्याने एचबीए१सी दर वर्षी न चुकता पाहावे.

फायब्रोस्कॅनला जाताना किमान तीन तास आधी काही खाऊ नये, चहासुद्धा नको, नाहीतर यकृताचा घट्टपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. अहवालात दोन आकडे येतील: किलोपास्कलमधला घट्टपणाचा आणि ‘कॅप’ या नावाचा चरबीचा. पहिला ८ च्या खाली असेल तर घाई नाही. त्याहून जास्त असेल तर मात्र यकृततज्ज्ञांना दाखवावे, आणि सोबत सोनोग्राफीचा मूळ अहवाल व त्या गोळीचे वेष्टनही न्यावे.